केळीच्या सोपटापासून पाणी गाळायचा पडदा

जळगावकडे घड उतरवला की खोड बांधावर पडतं. टीवायच्या (पदवीच्या तिसऱ्या वर्षाच्या) प्रकल्पाला मी मुलांना तेच आणायला लावते. बाहेरची सोपटं घ्या, गाभा नको, त्यात नुसतं पाणी. आणि अंगावर जुने कपडे असू द्या, केळीचा डाग सात जन्म जात नाही.

सोपटाच्या पट्ट्या वाळवून बारीक कापा. ४ ते ५ टक्के कॉस्टिक सोड्यात ८० अंशांवर दोन तास ढवळा. पाणी काळपट तपकिरी होईल. मग लाल लिटमस निळा व्हायचा थांबेपर्यंत धुवा. इथे आळस चालत नाही. पुढे सोडियम क्लोराइट आणि असेटिक आम्ल, सामू ४ ते ५, तापमान ७०, आणि हे फक्त फ्यूम हूडमध्ये, म्हणजे वाफा बाहेर ओढणाऱ्या प्रयोगशाळेतल्या कपाटात. बाटलीवरचं नाव दोनदा वाचा. हायपोक्लोराइट वेगळं, त्यात आम्ल पडलं की क्लोरीन सुटतो.

आता पांढराशुभ्र लगदा हाती येईल. तो वाळू देऊ नका! एकदा सुकला की धागे एकमेकांना असे चिकटतात की नंतर नीट सुटत नाहीत. ओलाच झाकून फ्रिजमध्ये ठेवा.

धागे सुटे करायला १ टक्क्याहून पातळ करून मिक्सरला लावा, थांबत थांबत, नाहीतर मोटर जळते. क्योटो विद्यापीठात २०११ मध्ये लाकडाच्या लगद्यावर मिनिटाला ३७,००० फेऱ्यांच्या ब्लेंडरने हे जमवलं होतं. घरगुती मिक्सर त्याच्या निम्म्यावरच दमतो, म्हणून नंतर अल्ट्रासोनिक प्रोब (ध्वनिलहरींनी धागे सुटे करणारी दांडी) हवा, भांडं बर्फात ठेवून. जाड धागे तळाशी बसतात; वरचं धूसर पाणी काढून घ्या, बारीक धागे त्यातच असतात.

सगळी गंमत पुढे आहे. व्हॅक्यूम फिल्टरवर ०.४५ मायक्रॉनचा नायलॉनचा आधार ठेवा. ४० मिलिमीटर व्यासाच्या उघड्या जागेला त्या धूसर पाण्याचं, ०.१ टक्का धागे असलेलं, २५ मिली पुरतं. हळूच ओता, मध्ये खड्डा पडू देऊ नका. वरचं पाणी जेमतेम संपलं की लगेच आयसोप्रोपिल अल्कोहोल घाला, दोन-तीनदा, जवळ हीटर नको. (इथेनॉलही चालतं, पण परवान्याची कटकट कोण करणार?) पाणी सुकताना पृष्ठताणाने धागे ओढून घेतं आणि छिद्रं मिटतात. मग तयार होतो तो ट्रेसिंग पेपर. दिसतो देखणा, गाळत काही नाही. अल्कोहोलचा ताण पाण्याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. नंतर दोन फिल्टर पेपरांत वजनाखाली सुकवा.

पडदा आधारासकटच वापरा, सुटा काढला तर ओला होऊन फाटतो. गढूळ पाणी गाळण्याआधी आणि नंतर टर्बिडिटी मीटरवर गढूळपणा मोजा. शेजारी नुसता नायलॉन लावूनही तेच पाणी गाळा. परीक्षक पहिला प्रश्न हाच विचारतात: गाळलं कोणी, केळीने की नायलॉनने? गाळलेलं पाणी मात्र पिऊन बघायचं नाही.