मानसिक आजार आणि काम: पुनर्वसन केंद्रात नव्याने रुजू होणाऱ्यांसाठी

‘आधी पूर्ण बरा होऊ दे, मग कामाचं बघू,’ असं नातेवाईक पहिल्याच भेटीत म्हणतात. स्किझोफ्रेनियात एवढी वाट पाहणं महागात पडतं. गोळ्यांनी भास आणि संशय बऱ्याच जणांचे आटोक्यात येतात. पण गेलेला उत्साह, मंदावलेली गती, आंघोळीचाही कंटाळा यांवर त्यांचा फारसा इलाज चालत नाही. तिथे कामाचाच उपयोग होतो.

पहिले काही दिवस फक्त बघा. किती वेळ बसवतं? हात थरथरतात का? रात्री घेतलेल्या ओलान्झापिन किंवा क्लोझापिनची गुंगी सकाळीही रेंगाळते. अशा माणसाला नऊची वेळ दिली की तो उशिरा येतो आणि ‘आळशी’ ठरतो. गोळीची वेळ डॉक्टरांनाच बदलू द्या, तुम्ही अकराची वेळ द्या. मनःस्थिती स्थिर ठेवणारं लिथियम हे औषध चालू असेल तर भट्टीजवळचं, घाम काढणारं काम नको. शरीरातलं पाणी कमी झालं की रक्तातलं लिथियम वाढून विषबाधा होऊ शकते.

उदाहरणार्थ, कागदी पिशवीचं काम घ्या. कापणं, घडी घालणं, खळ लावणं, तळ बसवणं, भोकं पाडणं, दोरी ओवणं, पंचवीसचे गठ्ठे मोजणं. हात थरथरणाऱ्याला दोरी ओवायला देऊ नका, पट्टी धरून घडी घालू द्या. संशय येणाऱ्याची पाठ भिंतीकडे असावी. घडी एकसुरी होते आणि भासातले आवाज वाढतात. तेव्हा मोजणीवर बसवा, मन आकड्यांत गुंततं. सुरुवात दोन तासांनी, मध्ये चहा. मग एका वेळी एकच गोष्ट वाढवा, तास किंवा कामाची अवघडता. दोन्ही एकदम वाढवले आणि बिघडलं, तर कशामुळे ते कळत नाही. पैसे त्याच्याच हातात द्या, भावाच्या नव्हे.

केंद्राच्या कार्यशाळेत माणसं वर्षानुवर्षं अडकून पडतात, ही आपल्याकडची जुनी खोड. अमेरिकेत १९९० च्या दशकात ड्रेक आणि बेकर यांनी रूढ केलेली पद्धत वेगळी आहे: लांबलचक पूर्वतयारी न करता आवडीची साधी नोकरी शोधायची आणि रुजू झाल्यावरही पाठीशी राहायचं. नोकरी सुटते ती बहुधा कौशल्याअभावी नव्हे. जेवणाच्या सुट्टीतला एकटेपणा, साहेबांचा एक ओरडा, ‘आता बरा आहे’ म्हणून थांबवलेल्या गोळ्या ही नेहमीची कारणं. बायपोलर (कधी अतिउत्साह, कधी नैराश्य असा आजार) असेल तर रात्रपाळी टाळाच. झोप मोडली की आजार पुन्हा उसळू शकतो. मालकाला किती सांगायचं हे त्या माणसाने ठरवायचं.

नोकरी लागली की अपंगत्वाचं प्रमाणपत्र जाईल, ही घरच्यांची भीती अगदीच निराधार नाही. मानसिक आजारातलं अपंगत्व मोजणाऱ्या ‘आयडियाज’ मोजपट्टीत स्वतःची काळजी, नातेसंबंध, संवाद-आकलन आणि काम यांना प्रत्येकी ० ते ४ गुण असतात (अडचण जास्त तितके गुण जास्त, म्हणून नोकरी लागली की कामाचे गुण घटू शकतात), शिवाय आजाराच्या कालावधीचे १ ते ४. एकूण ७ ला ४० टक्के अपंगत्व धरतात. आजार दहा वर्षांहून जुना असेल तर त्याचेच ४ गुण होतात. म्हणून तपासणीला जाताना सर्वांत जुना केसपेपर न विसरता न्या.