इंग्लंडमधलं जुनं कंट्री हाउस मागच्या दाराने कसं वाचावं

मी पेशाने हिशेबनीस. निवृत्त झाल्यावर उत्तर लंडनमध्ये बसून जुन्या कंट्री हाउसेसचा, म्हणजे उमरावांच्या गावाकडच्या मोठ्या वाड्यांचा, इतिहास खणायचा नाद लागला. घराची पुढची बाजू थापा मारते, जमाखर्च सहसा मारत नाही, हे त्यातून शिकले. तुम्हीही असं एखादं घर हेरून ठेवलं असेल, तर मी करते तसं करून पाहा.

सुरुवात आजपासून करा आणि मागे जा. पहिला उमराव कोण, त्याने घर कधी बांधलं, इथून सुरुवात केली की मधली दीडशे वर्षं हातातून निसटतात, आणि खरी गंमत तिथेच असते. आज तिथे काय आहे? फ्लॅट, शाळा, लग्नाचं हॉटेल, की जुन्या वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेची चहाची खोली? ते लिहा आणि एकेक पायरी मागे सरका. हिस्टॉरिक इंग्लंड या वारसा जपणाऱ्या सरकारी संस्थेची संरक्षित इमारतींची यादी ऑनलाइन फुकट आहे. तिथून बांधकामाचा काळ आणि वास्तुविशारदाचं नाव घ्या. बाकी खांब आणि कंगोऱ्यांचं वर्णन फार असतं, त्यात अडकू नका.

माझं पहिलं घर ट्रेंट पार्क. लंडनच्या भुयारी रेल्वेच्या पिकॅडिली लाइनने कॉकफॉस्टर्सला, म्हणजे शेवटच्या स्टेशनला उतरायचं आणि चालत जायचं. आता तिथे राहती घरं झाली आहेत. २०१२ पर्यंत मिडलसेक्स विद्यापीठ होतं, त्याआधी शिक्षकांचं प्रशिक्षण कॉलेज. दुसऱ्या महायुद्धात तिथे जर्मन सेनापती कैदी होते. त्यांना चांगलं खायला घालायचं, बागेत फिरू द्यायचं आणि लपवलेल्या मायक्रोफोनमधून त्यांच्या गप्पा ऐकायच्या, असा सरकारी बेत. ऐकायला बसत जर्मनीतून पळून आलेले निर्वासित, त्यांत बरेच ज्यू. युद्धाआधी घर होतं सर फिलिप ससून यांचं. हे नाव आपल्याला परकं नाही: मुंबईचा ससून डॉक बांधणारे अल्बर्ट ससून हे त्यांचे आजोबा. त्याच्याही मागे बेव्हन हे बँकवाले, आणि पार तळाशी १७७७ साल. तिसऱ्या जॉर्जने शिकारीच्या जंगलातला हा तुकडा आपल्या डॉक्टरला, रिचर्ड जेबला दिला. जेबने राजाच्या भावावर इटलीतल्या ट्रेंटोमध्ये उपचार केले होते, म्हणून नाव ट्रेंट.

इथेच मी तोंडावर पडले. विटा पाहून बरोबरच्या मंडळींना छातीठोकपणे सांगितलं, "अठराव्या शतकातलं काम!" विटा जुन्याच होत्या, भिंत जुनी नव्हती. लंडनमधलं डेव्हनशर हाउस १९२० च्या दशकात पाडलं, तेव्हा तिथलं सामान आणून ससूननी आपल्या घराला नवा चेहरा दिला होता. तेव्हापासून मी विटेवर सही करत नाही. बुजवलेल्या खिडक्यांचंही तसंच. १६९६ ते १८५१ खिडक्यांवर कर होता हे खरं, पण कित्येक खोट्या खिडक्या नुसत्या दोन्ही बाजू सारख्या दिसाव्यात म्हणून पहिल्यापासूनच तशा बांधलेल्या असतात.

मग मागच्या बाजूला जा. तबेले, धुण्याची खोली, नोकरांचा जिना. घराचा वापर बदलल्याच्या खुणा इथे पुसायच्या राहून जातात: मुलांच्या उंचीवर ठोकलेल्या खुंट्या, दारांवरचे रंगवलेले आकडे, बाहेरून लावलेला लोखंडी जिना, गवताखाली लष्करी बराकींचे काँक्रीटचे चौथरे. ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशा खात्याचे जुने नकाशे स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या साइटवर फुकट आहेत. वेगवेगळ्या काळातले दोन शेजारी ठेवा आणि कुठली इमारत उगवली, कुठली गेली ते बघा.

माणसांसाठी जनगणना. १८४१ पासून घरातल्या प्रत्येकाचं नाव मिळतं. पण सापळा असा की मोजणी बहुतेक वेळा वसंतात व्हायची आणि तेव्हा मालक मंडळी लंडनच्या घरी असण्याची शक्यता मोठी. यादीत हाउसकीपर आणि दोन मोलकरणी दिसल्या म्हणून घर ओसाड पडलं असं लिहून टाकू नका. १९३१ ची जनगणना आगीत जळाली. तिची जागा काही अंशी २९ सप्टेंबर १९३९ चं रजिस्टर घेतं. युद्ध नुकतंच सुरू झालेलं, त्यामुळे स्थलांतरित शाळा त्यात सापडतात. चॅट्सवर्थ या डेव्हनशरच्या ड्यूकच्या घरात वेल्समधली पेन्रॉस कॉलेज ही मुलींची शाळा आली होती. ड्यूकचा हिशेब असा की सैनिकांपेक्षा शाळकरी मुली परवडल्या. वय अजून शंभरच्या आत असलेल्यांच्या नोंदी या रजिस्टरमध्ये सहसा झाकलेल्या असतात, पण झाकलेल्या ओळींची लांबलचक रांग दिसली की मुलं होती हे कळतंच.

आता माझा आवडता भाग, पैसा. मोठं घर पोकळ वासा ही म्हण जणू या घरांसाठीच झाली आहे. १८७० नंतर अमेरिकेचं स्वस्त धान्य आलं, शेतीचा खंड घटला, १८९४ मध्ये वारसा-कर आला आणि तो वाढतच गेला. चॅट्सवर्थच्या दहाव्या ड्यूकने मालमत्ता आधीच पुढच्या पिढीच्या नावे करून ठेवली होती. करातून सुटायला त्यानंतर पाच वर्षं जगणं भाग होतं. १९५० मध्ये ते गेले, काही आठवडे कमी पडले आणि ऐंशी टक्के कर बसला. त्यापायी घराण्याचं दुसरं जुनं घर, हार्डविक हॉल, सरकारला द्यावं लागलं. म्हणून घराचा वापर बदललेला दिसला की आधी मालकाच्या मृत्यूची तारीख तपासा. लिलावाचे कॅटलॉगही शोधा. स्टो हाउस या दुसऱ्या एका मोठ्या घरातल्या सामानाचा १८४८ चा लिलाव चाळीस दिवस चालला, आणि १९२३ मध्ये तिथे शाळा सुरू झाली.

लंडनमधल्या क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये, म्हणजे सरकारी दफ्तरखान्यात, १९१० च्या कायद्याने झालेल्या जमिनींच्या मूल्यमापनाच्या वह्या आहेत. वाचकाचं कार्ड फुकट मिळतं. आधी नकाशावरून मालमत्तेचा क्रमांक काढावा लागतो आणि यात अर्धा दिवस जातो. डबा घेऊन जा, पण वाचनकक्षात नेता येत नाही. पेन्सिल मात्र बरोबर हवीच, पेन चालत नाही.

घर खाजगी असेल तर आधी पत्र लिहा. आत गेल्यावर मालकाचं बोलणं ऐका, पण बॉयलर सांभाळणारा माणूस भेटल्याशिवाय निघू नका. वसतिगृहाची न्हाणीघरं कुठे होती, हे त्याला पाइपांवरून तोंडपाठ असतं.