बीटा-कॅटेनिनवर काम करताना या चुका टाळा

बीटा-कॅटेनिन हे पेशींच्या सांध्यांवर बसणारं आणि विंट या संकेतमार्गाचा निरोप पोचवणारं प्रथिन. पेशींना विंट३ए (हा मार्ग सुरू करणारं प्रथिन) दिलं, वेस्टर्न ब्लॉट (प्रथिनाचं प्रमाण पट्टीच्या जाडीवरून दाखवणारी चाचणी) काढला, तर बीटा-कॅटेनिनची ९२ किलोडाल्टनची पट्टी दोन्ही लेनमध्ये सारखीच जाड. लगेच विंटच्या व्हायलला नावं ठेवू नका, आधी लायसेट (पेशी फोडून काढलेला द्राव) कसं केलंय ते बघा. एपिथेलियल पेशींत बीटा-कॅटेनिनचा मोठा साठा ई-कॅडहेरिन या पेशींना एकमेकांशी चिकटवणाऱ्या प्रथिनाला धरून पेशींच्या सांध्यांवर बसलेला असतो. विंटमुळे वाढतो तो सायटोसोलमधला (पेशीतल्या द्रवातला) छोटा हिस्सा, जो एरवी तयार होताच प्रोटिएझोम या प्रथिनं तोडणाऱ्या यंत्रणेत संपवला जातो. अख्खी पेशी कडक डिटर्जंटमध्ये विरघळवली की ही वाढ त्या मोठ्या साठ्यात बुडून जाते. डिजिटोनिन या सौम्य डिटर्जंटने सायटोसोल वेगळा काढा आणि मग तुलना करा. पॉझिटिव्ह कंट्रोलला उंदराच्या एल पेशी उत्तम. त्यांत कॅडहेरिन जवळपास नसल्यामुळे फरक ढळढळीत दिसतो. एसडब्ल्यू४८० ही आतड्याच्या कर्करोगाची पेशी-मालिका मात्र या कामाची नाही. तिच्यात एपीसी (बीटा-कॅटेनिन नष्ट करायला लागणारं प्रथिन) आधीच तुटका आहे, म्हणजे विंट न देताही बीटा-कॅटेनिन तुंबलेलंच असतं.

काही जण सीटीएनएनबी१ या बीटा-कॅटेनिनच्या जनुकाचा क्यूपीसीआर (आरएनए मोजणारी चाचणी) करून ‘विंट चालू नाही’ असं लिहून मोकळे होतात. विंट मुख्यतः प्रथिनाचं आयुष्य वाढवतो, त्याच्या आरएनएचं प्रमाण नव्हे. बघायचंच असेल तर अ‍ॅक्झिन२ (विंटमुळे चालू होणारं जनुक) बघा.

फॉस्फो-अँटिबॉडीत (फॉस्फेट लागलेलं प्रथिन ओळखणाऱ्या अँटिबॉडीत) जास्त गोंधळ होतो. आधी सीके१ हे एन्झाइम बीटा-कॅटेनिनच्या ४५व्या जागेवरच्या सेरीनवर फॉस्फेट लावतं, मग जीएसके३ हे दुसरं एन्झाइम अनुक्रमे ४१, ३७ आणि ३३ वर; अशा खुणा लागलेलं प्रथिन नष्ट केलं जातं. एमजी१३२ (प्रोटिएझोम रोखणारं रसायन) दिल्यावर फॉस्फो-पट्टी वाढते, कारण नष्ट व्हायला निघालेलं प्रथिन वाटेतच अडकतं. ती मार्ग सुरू झाल्याची खूण नाही. ‘अ‍ॅक्टिव्ह’ नावाने विकली जाणारी अँटिबॉडीही फक्त फॉस्फेट नसलेला भाग ओळखते, त्यामुळे सांध्यांवरही रंग येऊ शकतो. नाव कंपनीने ठेवलंय, त्यावर किती विसंबायचं ते तुम्ही ठरवा. जीएसके३ रोखायला लिथियम क्लोराइड वापरत असाल, तर तेवढ्याच मोलॅरिटीचं सोडियम क्लोराइड कंट्रोलला हवंच.

इम्युनोफ्लुरोसन्समध्ये (चमकणाऱ्या अँटिबॉडीने रंगवून पाहण्यात) सांधे फाटलेले दिसले, तर फिक्सिंगच्या आधीचा पीबीएस (पेशी धुण्याचा मिठाचा बफर) तपासा. कॅडहेरिनची पकड कॅल्शियमवर असते; कॅल्शियम नसलेल्या बफरमध्ये पेशी रेंगाळल्या की कडा सुटू लागतात. पेशी किती दाट होत्या हेही दर वेळी नोंदवा. विरळ आणि गच्च भरलेल्या डिशची तुलना केलीत तर उपचाराचा परिणाम कुठला आणि गर्दीचा कुठला, हे कुणालाच सांगता येणार नाही.