मागणीपत्रात वहीची रेघ लिहा: जिल्हा परिषद शाळेत नव्याने रुजू होणाऱ्यांसाठी

शाळेचा पट 22 असेल तर समग्र शिक्षा या सरकारी शिक्षण योजनेच्या निकषाने वर्षाचं संयुक्त शाळा अनुदान 10,000 रुपये बसतं. पट 31 ते 100 असेल तर 25,000. त्यातला दहावा हिस्सा स्वच्छतेचा, पुढे वीजबिल, खडू, किरकोळ दुरुस्ती. वह्या-पेन्सिलींसाठी यातून काही उरेल असं धरूच नका. पाठ्यपुस्तकातच कोरी पानं जोडण्याची योजना 2023 मध्ये आली आणि 2025 मध्ये बंद झाली, त्यामुळे वह्यांचं ओझं पुन्हा पालकांवर आहे. ज्या घरात ते पेलत नाही, तिथलं मूल कोऱ्या हातांनी वर्गात बसतं. हे बघवत नाही, म्हणून आपण दाता शोधतो आणि नेमके तिथेच फसतो.

दाता विचारतो, “गुरुजी, काय देऊ?” आपण म्हणतो, “वह्या द्या.” मग 200 पानी एकरेघी वह्यांचे गठ्ठे येतात. पहिलीच्या मुलाला एकरेघी वहीचा उपयोग नाही. त्याचं अक्षर रेघेवर टेकत नाही, वेलांटी वरच्या ओळीत घुसते, आठ दिवसांत वही चुरगळून जाते. त्याला अंकांसाठी चौकटी, मराठीसाठी दुरेघी आणि इंग्रजीसाठी चाररेघी वही लागते, तीही 100 पानी. जाड वहीची शिवण लहान हातांत टिकत नाही. म्हणून मागणीपत्रावर रेघ, पानं, नग आणि इयत्ता या चारही गोष्टी लिहा. एक जरी राहिली तरी दुकानदार हाताला येईल ती वही बांधून देतो. त्यात दात्याचा दोष नसतो, त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

हिशोब असा मांडा. पहिली-दुसरीत मिळून 11 मुलं: प्रत्येकी 2 चौकटी, 2 दुरेघी, 1 चाररेघी. तिसरी-चौथीत 11: प्रत्येकी 4 एकरेघी, 1 चौकटी, 1 चाररेघी. बेरीज चौकटी 33, दुरेघी 22, चाररेघी 22, एकरेघी 44. डझनात मागायच्या तर 3, 2, 2 आणि 4 डझन, म्हणजे 132 वह्या. गरजेपेक्षा वरच्या 11 वह्या कपाटात ठेवा. ऊसतोडीहून परतलेलं किंवा मध्येच दाखल झालेलं मूल रिकाम्या हाताने बसू नये. पेन्सिली मुलामागे वर्षाला 15 धरा आणि त्या वर्गातल्या डब्यातच ठेवा. घरी गेलेली पेन्सिल धाकट्या भावंडाकडे जाते, ते स्वाभाविक आहे.

मागणी एप्रिलमध्येच पोचवा. 15 ऑगस्टच्या कार्यक्रमात वाटलेली वही मुलाला दोन महिने उशिरा मिळते. फोटोसाठी वाटप थांबवून ठेवायला मी तरी कधीच संमती देणार नाही. ग्रामपंचायतीकडून काही हवं असेल तर ऑक्टोबरपासून पुढच्या वर्षाचा विकास आराखडा तयार होतो, तेव्हाच ग्रामसभेत अर्ज द्या. एकदा आराखडा झाला की सरपंच कितीही भले असले तरी त्यांचे हात बांधलेले असतात. 2021 पासून विद्यांजली या शाळांना दाते जोडून देणाऱ्या केंद्र सरकारच्या पोर्टलवरही शाळेचा यूडायस क्रमांक, म्हणजे सरकारी ओळख क्रमांक, वापरून मागणी टाकता येते. तिथेही रेघ लिहाच.

एक गोष्ट कठोरपणे सांगतो: देणगीचा एक रुपयाही स्वतःच्या फोनपेवर घेऊ नका. “सध्या घ्या, नंतर दाखवू” म्हणणारे जुने जाणते भेटतील. बाकी त्यांचं सगळं ऐका, हे ऐकू नका. वस्तूच मागा. पैसे आलेच तर शाळा व्यवस्थापन समितीच्या खात्यात, पावतीसह.

गठ्ठे आले की समितीतल्या दोन पालकांसमोर फोडा, मोजा, त्याच दिवशी साठा नोंदवहीत चढवा. 132 च्या जागी 126 निघाल्या तर 126 च लिहा आणि पोच तेवढ्याचीच द्या. घाबरण्यासारखं यात काही नाही, अर्ध्या तासाचं काम आहे. वाटप करताना इयत्तावार यादीवर पालकांची सही किंवा अंगठा घ्या आणि ती यादी नोंदवहीतच चिकटवा, सुटे कागद लेखापरीक्षणापर्यंत टिकत नाहीत.