ईसीजीचा कागद कोरा होण्यापूर्वी

ईसीजीचा आलेख बहुधा थर्मल कागदावर, म्हणजे शाईऐवजी उष्णतेने छपाई होणाऱ्या कागदावर, निघतो आणि सोलापूरच्या उन्हाळ्यात, जेथे पारा सहज 40 अंशांपलीकडे जातो, पत्र्याच्या घरात किंवा गाडीच्या डिकीत राहिलेल्या अशा कागदावरील रेघा हळूहळू पुसट होतात.

कागद थर्मल आहे की नाही, हे ओळखण्यासाठी कोऱ्या कडेवर नखाने जोरात ओरखडा काढावा. काळसर रेघ उमटली तर तो थर्मल आहे. अशा कागदाची त्याच दिवशी साध्या कागदावर झेरॉक्स काढून घ्यावी. रुग्णालयाच्या आसपास झेरॉक्सचे दुकान सहसा असतेच, त्यामुळे अक्कलकोट किंवा मंगळवेढ्याहून आलेल्यांनी हे काम एसटी पकडण्यापूर्वीच उरकावे. झेरॉक्सवर रुग्णाचे नाव, तारीख, वेळ आणि त्या वेळी होत असलेला त्रास पेनाने लिहावा, कारण पुढे डॉक्टर नवा ईसीजी जुन्याशी ताडून पाहतात आणि तेव्हा छातीत दुखत होते की नाही, या माहितीला फार महत्त्व असते. मोबाइलमध्ये फोटोही असावा, मात्र तो सपाट ठेवलेल्या कागदाचा, चौकटी स्पष्ट दिसतील असा. सोनोग्राफीच्या छोट्या चित्रांनाही हेच लागू पडते.

मूळ कागद कागदी पाकिटात ठेवावा. हौसेने लॅमिनेशन मात्र करू नये. त्या उष्णतेने संपूर्ण कागद काळा पडतो. आणि छातीत दुखू लागल्यास जुना ईसीजी शोधत न बसता आधी 108 क्रमांकाला फोन करावा.