चहाच्या घोटाबरोबर मूठभर गोळ्या? या चुका टाळा

तर्री पोहे झाले, चहाचा कप हातात आला आणि त्याच घोटाबरोबर लोह, कॅल्शियम, मल्टिव्हिटॅमिन सगळं एकदम पोटात. नागपुरात कितीतरी घरांत सकाळ अशीच होते. तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन तपासलं की आकडा जिथल्या तिथे, मग गोळी बदलायची. गोळी बहुतेक वेळा ठीकच असते, तिची संगत बिघडलेली असते.

लोहाचं चहाशी अजिबात जमत नाही. चहातली टॅनिन लोहाला धरून बसतात आणि ते आतड्यातून रक्तात पोचत नाही. म्हणून चहा-कॉफी गोळीच्या आधी एक तास आणि नंतर दोन तास बंद. जेवणानंतर दोन तासांनी, अर्धं लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर गोळी घ्या. क जीवनसत्त्वामुळे लोह चांगलं शोषलं जातं. मृग बहाराची संत्री बाजारात असतील तर एक संत्रं खा, ती संपली की लिंबू आहेच. मळमळ होत असेल तर थोडं खाऊन घ्या, दूध मात्र नको. शौचाला काळी होते म्हणून घाबरून गोळी सोडणारे खूप आहेत. लोहाने तसं होतंच. ती डांबरासारखी चिकट असेल किंवा पोट दुखत असेल, तर मात्र डॉक्टरांना दाखवा.

आता विदर्भातली खास चूक. अंगात रक्त कमी आहे म्हटलं की मेडिकलमधून लोहाची बाटली आणायची. आपल्याकडे सिकलसेल हा तांबड्या पेशींचा आनुवंशिक आजार बऱ्याच कुटुंबांत आहे, आणि त्यातला अशक्तपणा तांबड्या पेशी लवकर फुटल्याने येतो. अशा रुग्णाला वारंवार रक्त चढवलेलं असेल तर शरीरात लोह आधीच साचलेलं असतं, वरून गोळ्या म्हणजे यकृतावर भार. घरात कुणाला सिकलसेल असेल, किंवा लोह घेऊनही हिमोग्लोबिन हलत नसेल, तर हिमोग्लोबिन इलेक्ट्रोफोरेसिस (सिकलसेल ओळखणारी) आणि फेरिटिन (साठलेलं लोह दाखवणारी) या दोन तपासण्यांबद्दल डॉक्टरांना विचारा.

कॅल्शियम लोहाच्या वाटेत येतं, म्हणून दोघांत किमान दोन तास ठेवा. कॅल्शियम कार्बोनेट जेवणाबरोबरच घ्यावं, त्याला पोटातलं आम्ल लागतं. पाकिटावर १,२५० मिलिग्रॅम कार्बोनेट लिहिलं असेल तर त्यात कॅल्शियम ५०० मिलिग्रॅम, आणि एका वेळी तेवढंच पुरे. थायरॉइडची गोळी या दोन्हींपासून चार तास लांब.

ड जीवनसत्त्वाचं ६०,००० युनिटांचं पाकीट आठवड्यातून एकदा, साधारण आठ आठवडे देतात. तेच रोज घेतलं गेलं तर रक्तातलं कॅल्शियम वाढतं: सारखी तहान, बद्धकोष्ठता, उलट्या, पुढे मूत्रपिंडाला त्रास. कॅलेंडरवर वारावर खूण करा. हे जीवनसत्त्व स्निग्धात विरघळतं, त्यामुळे पोळीला तूप असलेल्या जेवणानंतर घ्या. ४५ अंशांच्या गावात ड कमी कसं, असं लोक विचारतात. त्या उन्हात तोंडाला दुपट्टा बांधूनच बाहेर पडतो ना आपण! आणि खिडकीच्या काचेआडून येणाऱ्या उन्हाने ड तयार होत नाही.

बी ट्वेल्व्ह शाकाहारी लोकांत आणि वर्षानुवर्षं मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी घेणाऱ्यांत कमी पडतं. पायाला मुंग्या येत असतील तर नुसतं फॉलिक ॲसिड घेऊ नका. रक्ताचा रिपोर्ट सुधारतो, नसांचं नुकसान आत चालूच राहतं.

केसांसाठी बायोटिन हे ब गटातलं जीवनसत्त्व घेत असाल तर तपासणीला रक्त द्यायच्या आधी लॅबला सांगा. त्याने थायरॉइडचे आकडे खोटे येऊ शकतात. किती दिवस आधी बंद करायचं ते डॉक्टर सांगतील.

राहिली साठवण. मे महिन्यात गाडीच्या डिक्कीत राहिलेल्या मऊ कॅप्सूल एकमेकींना चिकटून गोळा होतात. त्या टाकून द्या. गोळ्या ओट्याजवळ, गॅसच्या वर ठेवू नका. घरातल्या सगळ्यात थंड, कोरड्या कपाटात ठेवा, आणि डबीतली सिलिका जेलची पुडी काढून फेकू नका.