मोंराशे उघडताय? या चुका टाळा

मोंराशे म्हणजे फ्रान्सच्या बर्गंडी भागातला द्राक्षांचा एक नावाजलेला मळा, आणि त्याच नावाची त्याची पांढरी वाइन. लेबलवर 'मोंराशे' हा शब्द दिसला की लोकांना घबाड मिळाल्यासारखं वाटतं. जरा थांबा. बर्गंडीतल्या पुलिन्यी आणि शासान्य या दोन गावांनी 1879 मध्ये त्या मळ्याचं नाव आपल्या नावामागे लावून घेतलं. त्यामुळे 'पुलिन्यी-मोंराशे' म्हणजे त्या गावची वाइन, त्या मळ्याची नव्हे. खरा मळा जेमतेम 8 हेक्टरांचा, म्हणजे 20 एकरांचा. तोही दोन गावांत जवळपास निम्मा-निम्मा, आणि डझनभराहून जास्त मालकांत वाटलेला. नुसतं 'मोंराशे' किंवा 'ल मोंराशे' आणि सोबत 'ग्रां क्रू' (बर्गंडीतल्या मळ्यांचा सर्वोच्च दर्जा) असेल तरच ती. 'बातार' आणि 'शव्हालिये' हे शेजारचे मळे. तेही ग्रां क्रूच, पण वेगळे. आणि हो, 'Montrachet' या स्पेलिंगमधला शेवटचा 'ट' उच्चारायचा नाही.

दुसरी चूक बर्फाची. मित्राच्या साठीला त्याच्या मुलीनं पॅरिसहून खरी मोंराशे आणली होती. मी पोचलो तोवर बाटली सकाळपासून फ्रीजरच्या तोंडाशी, वर बर्फाची बादली. एका काकांनी तर ग्लासातही दोन खडे टाकले. पहिल्या घोटाला लिंबाचं पाणी! "यापेक्षा आपली नाशिकची बरी," असं कुणीतरी म्हणालंसुद्धा. मी माझा ग्लास दोन्ही तळव्यांत धरून बाल्कनीत बसलो. अर्ध्या तासानं भाजलेल्या हेझलनटचा, लोण्याचा, मग मधाचा वास यायला लागला. आत आलो तर बाटली रिकामी. थंडीत वास वर येतच नाही हो! 12 ते 14 अंश पुरे. मी फ्रीजमधून अर्धा तास आधी काढतो, बूचही तेव्हाच. थर्मामीटर वापरत नाही, बाटलीला हात लावून कळतं.

अरुंद ग्लास नको, पोट मोठं हवं.

मे महिन्यात माळ्यावर ठेवायची असेल तर विकतच घेऊ नका.

तंदुरी, ठेचा यांच्यासोबत नको. लोण्यात परतलेलं पापलेट द्या.

घेतली की आठवड्यात उघडणारे उतावळे मला कळत नाहीत. लोणचंसुद्धा आपण मुरू देतो. हिला निदान दहा वर्षं द्या. मात्र नव्वदच्या दशकाच्या मध्यातल्या बर्गंडीच्या पांढऱ्या वाइन घेताना सावध राहा, त्यांतल्या बऱ्याच अकाली खराब झाल्या. रंग तपकिरीकडे झुकलेला आणि वास कापून ठेवलेल्या सफरचंदाचा आला, तर 'छान मुरलीये' म्हणून पाहुण्यांना पाजू नका.